शेपटीवाली सही

"ही तुमची सही नाही," पासपोर्ट कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

"अहो, आत्ता तुमच्यासमोर केली."

"ते पाहिलं मी. पण जुळत नाही."

त्याने परत केली. तीही जुळेना. पासपोर्टची मुदत संपलेली, मुलगी परदेशात आणि तिचं बाळंतपण तीन आठवड्यांवर. मनगट मोडलं बायकोचं आणि सही बिघडली आपली, हा काय घोळ आहे, त्याला काही केल्या कळेना.

बायको शेजारीच बसली होती. पडदे काढताना स्टुलावरून पडली, सहा आठवडे प्लास्टर. निघालं तेव्हा मनगट जरा वाकडं जुळलेलं. मग एका सकाळी अंगठा वर उचलेना. अंगठा उचलणारी स्नायूची दोरी हाडावर घासून तुटली होती, आता ऑपरेशन.

"पेन कधी धरता येईल?" तिने डॉक्टरांना विचारलं होतं.

"बहुतेकजणी आधी केस बांधायचं विचारतात."

"मला पेनचं सांगा."

नवरा तसा विचारी माणूस. मोज्यांचा रंग ठरेपर्यंत दुकान बंद व्हायचं. सहीला आलेला कागद तो "बघतो" म्हणून टेबलावर ठेवी. दोन दिवसांनी कागद तिथे नसे. म्हणजे आपण सही केली असणार, असं तो धरून चाले.

बाईंनी जुना पासपोर्ट आणि घराचा करार पुढे सरकवला. दोन्हीकडे तीच झोकदार सही, शेवटी लांब शेपटी. त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

"द्या इकडे," बायको वैतागून म्हणाली. पहिल्या दोन बोटांत पेन अडकवून, अंगठा लोंबकळत ठेवून तिने सही केली. थरथरली, पण शेपटीसकट.

"ही जुळते," बाई म्हणाल्या.

"सगळ्या तूच?" त्याने बायकोला विचारलं.

"तुमचं 'बघतो' संपायचं कधी?"

बाईंनी कपाळ चोळलं. "काका, तुम्ही स्वतः सही केलेला एक तरी जुना कागद द्या. त्यावर भागवते."

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने पिशवीतून लग्नाच्या नोंदीचा दाखला काढला आणि ऐटीत खिडकीतून आत सारला.

बाईंनी तो उलगडला. शेपटी चांगली लांब होती.

"त्या दिवशीही," बायको पंख्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही 'बघतो'च म्हणाला होतात."