सातव्या धड्याच्या बाई

"धडा सातवा, सममूल्य अपूर्णांक. आणि तासाभरात संपला पाहिजे बरं का," मुख्याध्यापिका जिना चढता चढता म्हणाल्या. मास्तरीण मान डोलावत मागून चालली होती.

मास्तरीण हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती उशांना रांगेत बसवून पाढे शिकवायची, तेव्हा भावाने ठेवलेलं. आता पदवी होती, बी.एड. होतं, नोकरी तेवढी नव्हती. कितीतरी खासगी शाळांत नमुना पाठ देऊन झाले. सगळे 'कळवतो' म्हणाले, कळवलं कुणीच नाही. शेवटी वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं, "ही शेवटची शाळा. इथे नाही जमलं, तर एक तारखेपासून मामाच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं." मामा देवमाणूस होता, पण रंगाच्या डब्यांना शिकवणार काय?

पाचवीचा वर्ग उभा राहिला. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"तुम्ही सातव्या धड्याच्या बाई ना?" पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

मास्तरीण हसली. "तसंच समजा. सहावा कुणी शिकवला?"

"सहाव्या धड्याच्या सरांनी. छान शिकवला."

तिने कागदाच्या पट्ट्या वाटल्या, दुमडायला लावल्या. मग भावाची लबाडी सांगितली. लहानपणी तो बिस्किटाचा अर्धा तुकडा स्वतः घ्यायचा, उरलेल्या अर्ध्याचे दोन करून तिला द्यायचा आणि वर म्हणायचा, "बघ, तुला एक जास्त दिला." मुलं खदखदून हसली. मास्तरीणही त्यांच्याबरोबर हसली. जमतंय की!

तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी मागे वळली. बाकाबाकांवरून काहीतरी कुजबुज फिरली.

"मग सांगा, अर्धा मोठा की दोन चतुर्थांश?"

"दोन चतुर्थांश!" अख्खा वर्ग ओरडला.

तिने पुन्हा पट्ट्या दुमडल्या, एकीवर एक ठेवून दाखवल्या. "आता?"

"अर्धा!"

घंटा झाली. मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठी होती. "राहिलाच की धडा. उद्या येऊन पूर्ण करा."

घरी भाऊ म्हणाला, "नापास नाही केलं ना? फेरपरीक्षा आहे. चल, मला शिकव." तिने शिकवलं. "मला कळलं म्हणजे दगडालाही कळेल," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी मुलांना काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पाण्याची बाटली नेली, मग दोरी, मग भिंतीवरचं घड्याळ. दर वेळी मुलांचे डोळे लकाकायचे आणि उत्तर विचारलं की पाटी कोरी. जाड चष्म्याचा मुलगा तर कळवळून म्हणाला, "बाई, डोक्यात शिरतच नाही हो."

त्यांच्यावर रागावताही येईना. घंटा झाली की सगळी दारापर्यंत यायची आणि विचारायची, "उद्या याल ना?"

आपल्याला शिकवताच येत नाही, हे तिला आता कळून चुकलं होतं. वडिलांचं बरोबर होतं. गल्ल्यावर निदान कुणाचं नुकसान तरी होणार नाही.

शनिवारी मुख्याध्यापिकांनी तिला खोलीत बोलावलं. ती मन घट्ट करून बसली.

"आठवडा गेला, सातवा धडा आहे तिथेच. हा वर्ग इतका मठ्ठ निघेल असं वाटलं नव्हतं. याला कायमचं माणूस नेमल्याशिवाय गत्यंतर नाही." त्यांनी उसासा टाकला. "तुम्ही निदान चिकाटीने येताय. सोमवारपासून रुजू व्हा."

हसावं की रडावं, मास्तरणीला समजेना. नोकरी मिळाली होती, तीही शिकवता न आल्याबद्दल! पण तिने मनाशी ठरवलं. हाडाची काडं झाली तरी चालतील, ही पोरं शिकलीच पाहिजेत.

ती तडक वर्गात गेली. "सोमवारपासून मी तुमची कायमची बाई."

"कायमची म्हणजे वर्षभर?" दोन वेण्यांच्या मुलीने खात्री करून घेतली.

"वर्षभर."

वर्गाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. ते ओसरल्यावर मास्तरणीने खडू उचलला आणि फळ्यावर दोन चतुर्थांश लिहिलं. "घाबरू नका. पुन्हा पहिल्यापासून करू."

"नको बाई, आठवा घ्या," दोन वेण्यांची मुलगी उठून म्हणाली. "सातवा आम्हाला पहिल्या दिवशीच कळला होता. पण इथे ज्यांचा धडा संपतो, ते परत येतच नाहीत."