चार हात कमी
प्रोटेस्टंट राणीचे शिपाई हवेलीत शिरले, तेव्हा फादर अँब्रोज धुराड्यामागच्या चोरखोलीत लपले होते. कॅथलिक पाद्र्याला आसरा देणाऱ्याला फाशी होती. शिपायांच्या नायकाने दोरीने भिंत बाहेरून मोजली, मग आतून. “बाईसाहेब, आत चार हात कमी भरतात. गेले कुठे?” “धुराडं आहे ना तिथे,” मालकीण अर्सुला म्हणाली. “मग पेटवा शेकोटी. आम्हीही शेकतो.” तिने जाळ केला. भिंतीआड फादर खोकले. नायक ताडकन उठला. अर्सुला तोंडाला रुमाल लावून खोकू लागली. तिने जीभ चावली. रुमाल लाल झाला. “प्लेग आहे घरात! पळा!” नायक ओरडला. सगळे पळाले. जाळ विझवून तिने चोरखोलीची फळी सरकवली. “गेले?” काजळलेल्या फादरनी विचारलं. तिने दाराकडे बोट दाखवलं. शिपाई बाहेरून दारांना खिळे ठोकत होते. प्लेगचं घर चाळीस दिवस उघडत नसत.