एकच गाठ

सासूबाईंच्या स्कॅनच्या रिपोर्टचं पाकीट कीर्तीनं जिन्यातच फोडलं. डॉक्टर सहाला भेटणार होते, पण तोवर तिला दम निघेना.

दुसऱ्याच ओळीत तो शब्द होता. मेटास्टेसेस.

पलूसच्या शिकवणीत पोरांकडून तिनं कालच घोकून घेतलं होतं : क्रायसिसचं क्रायसेस, बेसिसचं बेसेस. लॅटिनच्या वाटेनं आलेल्या शब्दांची अनेकवचनं अशी शेपटाकडं जरा वाकतात, असं ऐटीत सांगितलंही होतं. आता मेटास्टेसिसच्या त्या वाकलेल्या शेपटावर तिनं बोट ठेवलं. गाठ पसरली होती, आणि एकाच ठिकाणी नाही.

खाली बाकावर सासूबाई, राजमती, डबा उघडून बसल्या होत्या. मिरजेच्या दवाखान्यात आल्या म्हणून काय झालं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणजे उरकायचं.

"काय लिवलंय गं?"

"गाठ हाय, आई. एकच. बारकी."

"एकच?"

"व्हय." कीर्तीनं कागदाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

राजमतींनी भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवला. "पोरांस्नी विंग्रजी शिकवतीस. तुला खोटं बोलाय कुनी शिकवायचं?"

कीर्तीनं ती घडी मुठीत दाबली.

"बटाटाबी एकच दिसतो, बाई."

त्यांच्या जैन घरात बटाटा कधी आलाच नव्हता. वरून एक, आत अनंत जीव. लग्न होऊन आल्यावर हे कीर्तीला पहिल्यांदा सासूबाईंनीच सांगितलं होतं.

समोरच्या इमारतीमागं ऊन उतरलं. राजमती घोटभर पाणी प्यायल्या, बोटं धुतली, हात जोडले. रोज संध्याकाळी त्यांचं एकच वाक्य असे : उद्या सूर्य उगवेपर्यंत अन्नपाण्याचा त्याग. कीर्तीला ते पाठ होतं.

"अन्नपाण्याचा त्याग," राजमती म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

कीर्ती वाट बघत राहिली.

"आई," तिचा आवाज चिरकला, "सूर्य उगवेपर्यंत... म्हणायचं राहिलं तुमचं."

राजमतींनी डोळे उघडले. डब्याला झाकण लावलं, कडी दाबून बघितली. आजवर कुणाला हात लावू न दिलेला तो डबा त्यांनी सुनेच्या मांडीवर ठेवला.

"ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या.