लूलूचे चार ऑगस्ट

"एसी आहे का?" नेर्मीनने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही म्हटलं ना, बाई," नबविया म्हणाली. "पंखा आहे."

नेर्मीनने अर्जावर आणखी एक फुली मारली. शहराबाहेर, शब्रामंत गावाच्या पुढे, खजुरांच्या बागांमागे तिने टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी आश्रम काढलाय, आणि कुठलं कुत्रं कुणाच्या घरी जायचं ते ती एकटी ठरवते. बाई चांगली आहे, खोटं कशाला बोला. पण चांगल्या माणसांनाही समोरच्याची चप्पल आधी दिसते. नबवियाची प्लास्टिकची होती.

मागच्या पिंजऱ्यात लूलू बसली होती. चपट्या तोंडाची पेकिनीज, मांजरापेक्षा जेमतेम मोठी. नाक असून नसल्यासारखं, त्यामुळे प्रत्येक श्वासाला घरघर. डोळ्यांखालच्या घड्यांत चिकटा साचला होता. साठ कुत्र्यांत एकेकाचं तोंड कोण पुसत बसणार! नबवियाचं सगळं लक्ष त्या चिकट्याकडे होतं.

"राहता कुठे?"

"शहरात, हेलिओपोलिसला. बिल्डिंगच्या जिन्याखाली. नवरा तिथे वॉचमन आहे."

"त्यांना चालेल? घरात नमाज पढत असाल. कुत्रं शिवलं तर..."

"आतल्या कोपऱ्यात पढतो आम्ही. ती तिकडे येत नाही, शिकवलंय मी तिला. आणि शिवलीच, तर घरात पाणी आहे की धुवायला! इथनं हाजी लोकही कुत्री नेतात ना? त्यांना विचारता का हे?"

नेर्मीनने पेन खाली ठेवलं. "हे बघा, रागावू नका. या जातीला उकाडा सोसत नाही. जिन्याखाली उन्हाळ्यात मरेल ती. आणि मदाम शहीरांनी तिला इथे सोडताना बजावून सांगितलंय, एसी असलेलं चांगलं घर बघा म्हणून."

"चांगलं घर!" नबवियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मदाम शहीरा म्हणजे त्याच बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावरच्या. मुलीकडे कॅनडाला निघाल्या. चपट्या तोंडाची कुत्री गुदमरतात म्हणून विमानवाल्यांनी लूलूला घेतलं नाही. मग तिला गुपचूप गाडीत घातलं आणि इथे आणून सोडलं. उतरताना जिन्यापाशी दोन मिनिटं थांबून, नबविया, तू ठेवतेस का गं, एवढं विचारायला काय तोंड शिवलं होतं?

"लावा त्यांना फोन," ती म्हणाली. "माझ्यासमोर लावा. तोंड दिसेल असा."

मदाम फोनवर आल्या. हातात कॉफीचा मग होता. "अगंबाई, नबविया? तू तिथे कशी?"

"दोन मायक्रोबस बदलून आले. मदाम, या बाईंना एकच सांगा. ऑगस्टात लूलू कुठे असायची?"

"ऑगस्टात? ऑगस्टात आम्ही समुद्रावर असायचो ना."

"तुम्ही समुद्रावर. लूलू कुठे?"

मदामनी कॉफीचा मग खाली ठेवला. "हे काय विचारणं झालं? तुझ्याकडे असायची. तुला माहितीये."

"किती वर्षं?"

"तीन. नाही, चार."

"वर पाचव्या मजल्यावर एसी होता. त्याची चावी?"

मदामनी कॉफी पुन्हा तोंडाला लावली.

"चावी पर्समध्ये घालून न्यायच्या," नबविया नेर्मीनकडे वळली. "मी काही उचलून नेईन म्हणून. चार ऑगस्ट ही माझ्याकडे होती, बाई, त्याच जिन्याखाली. मेली का? दुपारी फरशीवर ओली चादर टाकायची मी, तिच्यावर झोपायची. हिला गळ्यात पट्टा घालायचा नाही, श्वास कोंडतो. छातीला बांधायचा. या घड्या दोनदा पुसायच्या, कोरड्या करायच्या, मग डोळ्यांत थेंब घालायचे." ती पुन्हा फोनकडे वळली. "मदाम, थेंबांचं नाव सांगा बरं!"

"नाव कसं लक्षात राहील? हिरव्या झाकणाची बाटली होती ती..."

"पांढऱ्या," नबविया म्हणाली.

नेर्मीनचा चेहरा उतरला होता. फुल्या मारलेला अर्ज तिने फाडला आणि खणातून नवा काढला. "पूर्ण नाव सांगा," ती हळूच म्हणाली. बाकीचं काही न विचारता तिने स्वतःच भरलं. नबवियाने मोठ्या, वेगवेगळ्या अक्षरांत सही केली, पिंजऱ्याची कडी काढली आणि लूलूला मांडीवर घेऊन कापूस मागितला. आभार वगैरे मानले नाहीत. कशाबद्दल मानायचे?

फोन अजून चालूच होता. मदामना एकदम हायसं वाटलं असावं.

"बरं झालं बाई! केवढी काळजी होती मला. हे बघ नबविया, डिसेंबरात मी येतेय तीन आठवडे. तिला छान आंघोळ घाल आणि वर आणून सोड. माझ्या बाळाशिवाय मला नाही गं करमत. जाताना देईन परत तुझ्याकडे."

नबविया घड्या पुसत होती. वर न बघताच ती बोलली.

"डिसेंबरात तुम्ही खाली यायचं, मदाम. जिन्याखाली, आमच्या दाराशी. कडी वाजवायची आणि बाहेर थांबायचं. मला वेळ असला तर उघडेन."