अकरा ठिपके

तिसऱ्या रांगेतल्या सातव्या खुर्चीवर प्रॉम्प्टर बसला होता आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. एकतीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत, एका हातात नाटकाची वही आणि दुसऱ्यात छोटी बॅटरी असायची. आज मुलीच्या नाटकाची वही बायकोच्या पर्समध्ये होती. घरातून निघताना तिने ती त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातून काढून घेतली होती. प्रेक्षक वही घेऊन बसत नाहीत, एवढंच म्हणाली होती.

आजवर त्याने प्रयोग विंगेतून पाहिले, म्हणजे नटांची फक्त डावी बाजू. कोणाच्या डाव्या कानामागे तीळ आहे हे त्याने सांगितलं असतं. रडताना तोच माणूस समोरून कसा दिसतो, हे नसतं सांगता आलं. नट त्याला कुजबुजकाका म्हणत. कोणी वाक्य विसरलं की मनात चार आकडे मोजायचे आणि पहिले दोन शब्द द्यायचे. चारच्या आधी दिले तर नटाचा अपमान, नंतर दिले तर नाटकाचा. नट मुद्दाम थांबणार असेल तिथे वहीच्या समासात ठिपके काढायचे, आकड्याला एक.

हे माप एकदाच चुकलं होतं. आठ दिवसांपूर्वी, मुलीच्या रंगीत तालमीला. तिची ही पहिली मोठी भूमिका. दुसऱ्या अंकात वकील तिला विचारतो, दार कोणी उघडलं, आणि ती थांबते. दिग्दर्शकाने ते थांबणं पाच आकड्यांचं बसवलं होतं. पण प्रॉम्प्टर त्या दिवशी वहीशिवाय, पाहुणा म्हणून समोर बसला होता, आणि चौथ्या आकड्याला त्याच्या तोंडून स्पष्ट निघून गेलं, "दार मी". सगळे पोट धरून हसले. मुलगी हसली नाही. घरी आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली की प्रयोगाला जरूर या, पण तुमचे ओठ हलताना दिसले तर तो माझा शेवटचा प्रयोग. आईवर गेली होती. बोलली की करणार.

आता दुपारच्या खेळाचा दुसरा अंक सुरू होता आणि वकिलाने प्रश्न विचारला.

तीन. चार. प्रॉम्प्टरने जीभ टाळूला घट्ट लावून धरली. पाच. इथे ती बोलायला हवी होती.

सहा. विसरलेल्या नटाची आधी टाच उचलली जाते, चेहऱ्यावर नंतर दिसतं. विंगेतून त्याला टाच दिसायची. इथून मध्ये साक्षीदाराचा कठडा होता.

सात. मागच्या रांगेतला टकलू माणूस शेजारच्या बाईला म्हणाला, "विसरली वाटतं." रंगमंचावर वकिलाने कारण नसताना कागद चाळले. कारण नसताना नट कागद कधी चाळतो, हे प्रॉम्प्टरला माहीत होतं. विंगेतला नवा प्रॉम्प्टर गप्प होता. तालमीतल्या त्या हशानंतर दिग्दर्शकाने सगळ्यांना ताकीद दिली होती, या जागी कोणीही तोंड उघडायचं नाही.

आठ. अंतर जेमतेम वीस फूट. आवाजाचीही गरज नव्हती, ओठ पुरले असते.

नऊ. मुलीची नजर रांगांवरून सरकत आली आणि त्याच्यावर थांबली. ती मागत होती की बजावत होती? त्याला कळेना. समोरून चेहरे वाचायची सवयच नव्हती.

दहा. त्याने ओठ मिटलेले ठेवले. बायकोची नखं त्याच्या मनगटात रुतली.

अकरा.

"दार मी उघडलं," मुलगी म्हणाली. हळूच म्हणाली, पण शेवटच्या रांगेतही ऐकू गेलं. पुढची आठ मिनिटं ती एकटी बोलत होती आणि सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.

पडदा पडला तेव्हा सगळ्यात आधी टकलू माणूस उभा राहिला, मग त्याची रांग, मग सगळेच. प्रॉम्प्टरने टाळ्या वाजवल्या. विंगेत कधी हात मोकळे नसत, त्यामुळे पहिली टाळी जरा हुकली. नंतरच्या बसल्या.

मेकअपच्या खोलीत मुलगी आरशासमोर चेहरा पुसत होती. दिग्दर्शक दारातून डोकावून सांगून गेला की ती शांतता उद्या तशीच हवी, एक क्षणही कमी नको. तो गेल्यावर प्रॉम्प्टर म्हणाला, "पाच ठरले होते. मी अकरा मोजले."

"विसरले होते, बाबा." ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. "सगळं कोरं झालं होतं. मग तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही ओठ मिटून आरामात बसलेले. म्हटलं, बाबांना घाई नाही म्हणजे अजून वेळ आहे. आणि आलं."

"आरामात म्हणे," बायको म्हणाली.

प्रॉम्प्टरने कोटाची बाही मनगटावर ओढून घेतली आणि दुसरा हात पुढे केला. बायकोने पर्समधून वही काढून त्यावर ठेवली. त्याने दुसऱ्या अंकातलं पान उघडलं, समासात पाच ठिपके होते त्यांच्यापुढे आणखी सहा काढले, आणि नेहमीप्रमाणे पेन्सिलच्या टोकाने पुन्हा मोजून पाहिले.

मुलगी उठून त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि उद्यासाठी बारावा ठिपका दिला.