जुन्या पिकअपना नमस्कार

भद्रकालीतल्या दुकानात सलाउद्दीनभाईंनी माझ्या स्वस्तातल्या बेस गिटारला नवे पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून अँपकडे पाठवणारे चुंबक, बसवले, वायरिंगही बदललं. तारा चढवण्याआधी त्यांनी पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर हलकेच आपटला. अँपमधून आवाज आला, ठक.

"जिंदा आहे, इराबेटा."

दोन्ही जुने पिकअप वायरी कापून वर्तमानपत्रावर काढून ठेवले होते. बारा वर्षं मला त्यांनीच सांभाळून घेतलं होतं. खंडेनवमीला हत्यारांना करतो तसा मी त्यांना नमस्कार केला.

"खूप केलंत माझ्यासाठी."

अँपमधून पुन्हा आवाज आला, ठक.

भाईंचे दोन्ही हात नवी तार उलगडण्यात गुंतले होते. आम्ही हसलो. मग त्यांनी अँपचा प्लगच भिंतीतून उपसला.

"आता परत बोल, बेटा."

मी पुन्हा हात जोडले. "खरंच, आभारी आहे."

ठक. ठक.