माल ताब्यात घेतल्यावर

अर्धापूरजवळच्या खेड्यातल्या धोंडाबाई नांदेडच्या कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांची केळी दिल्लीला पोचेपर्यंत काळी पडून सडली होती, आणि ट्रकमालक अण्णाराव म्हणत होता की घड भरतानाच पिकलेले होते. धोंडाबाईंच्या वकील उज्ज्वलाताईंनी इंग्रजांच्या काळातला हायकोर्टाचा एक निकाल न्यायाधीशांपुढे ठेवला. रेल्वेनं व्यापाऱ्याचा माल बघून, काही कुरकुर न करता ताब्यात घेतला, तर तो आधीच खराब होता असं तिला मागाहून म्हणता येणार नाही, असं त्यात होतं; तोच नियम ट्रकमालकालाही लागू होतो, असं उज्ज्वलाताईंचं म्हणणं होतं. आता माल भरताना कुणी बघितला, एवढंच धोंडाबाईंना सांगायचं होतं. पण अण्णाराव समोरच्याच बाकावर बसला होता, आणि गावात त्याच्यापुढं कुणी मान वर करत नव्हतं. तो नुसता खाकरला. धोंडाबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला. “ह्या अण्णारावानंच बघितला, साहेब. फणी दाबून बघितली अन् म्हणला, माल कडक हाय, भरा बिनघोर.” बाक करकरला. अण्णाराव उठून उभा राहिला होता. “बसा खाली,” न्यायाधीश म्हणाले. “बाई, आणखी काही सांगायचंय?” “हाव साहेब. मला लई भ्या वाटून राहिलंय. माझ्या वावराला पाणी ह्याच्याच विहिरीतून येतंय. हे बी लिहून घ्या.” टायपिस्टची बोटं थांबली. तिनं वर बघितलं. “जसंच्या तसं लिहा,” न्यायाधीश म्हणाले.